तोंडावर म्हणायचं नाव

४ जानेवारी

चि. मुतऱ्यास अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझं शाळेतलं नाव घातलंय, ते पोस्टमनसाठी. आत मी तुला तुझ्या नावानंच हाक मारणार. मी तुझी आई आहे, तुझ्या ऑफिसातली कारकून नाही.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. बहिणीकडून निरोप तेवढा धाडलास, की आई जोवर नातीला तिच्या नावानं हाक मारायला शिकत नाही तोवर तिनं नातीला भेटायचं नाही. घोगरीनं तो तिच्या फाटक्या आवाजात असा सांगितला की मला वाटलं, निकाल वाचून दाखवतेय. मी म्हटलं, अगं जरा पाणी पी आणि मग मला फाशी दे.

झालं काय एवढं? पोरीला शाळेत नव्या बाईंनी नाव विचारलं आणि तिनं उभं राहून ठणकावून सांगितलं, "चकणी." वर्ग हसला. हसणारच, पोरंच ती. पण रडली कोण? पोरगी नाही रडली. रडली तुझी बायको. पोरगी घरी येऊन विचारते काय, तर "ते का हसले?" मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की बाळा, तुझा डावा डोळा नाकाकडे बघतो म्हणून. एका वाक्यात विषय संपला असता. तुम्ही दोघांनी त्याचा तमाशा केलात.

तू लाँड्रीच्या काउंटरखाली वाढलास. कपडा हातात आला की मी आधी काय करते? उजेडात धरते आणि डाग शोधते. सापडला की गिऱ्हाइकाच्या तोंडावर दाखवते, हा बघा कॉलरचा, हा आमचा नाही. त्याभोवती खडूनं गोल काढते आणि मगच कपडा आत टाकते. न दाखवता आत टाकलेला डाग बाहेर येताना आपला होऊन येतो, हे तुझ्या वडिलांना लग्नानंतर मी शिकवलं, तेव्हा कुठे दुकान उभं राहिलं. घरातही मी तेच केलं. बाहेरच्यांनी बोट दाखवायच्या आत घरच्यांनी दाखवायचं, तोंडावर, हसत. म्हणजे बाहेर कुणी काही म्हटलं तर पोराला त्याचं नवल वाटत नाही. तुझे वडील पायात पाय अडकवत चालायचे, त्यांना मी फेंगड्या म्हटलं. तुझी बहीण घोगरी. इस्त्रीवाला बाराही महिने निथळत असतो, तो घामट. तुझ्या बायकोला पहिल्याच दिवशी फळकूट म्हटलं, ते तिला आपली मानलं म्हणून. परक्या माणसाला मी कधी नाव देत नाही.

मला कुणी दिलं नाही, कारण कुणाला काही सापडलं नाही. त्यात माझा काय दोष?

आणि तुम्ही ठेवलेलं ते नाव! किती लांबलचक ते. माझ्या कवळीत अडकतं. घामटला म्हणून दाखव म्हटलं, तर त्यानं मधेच श्वास घेतला.

रविवारी तिला घेऊन ये. मी वाट बघते.

तुझी आई


१९ जानेवारी

चि. मुतऱ्यास,

पत्र मिळालं. चार पानं! ऑफिसात काम नसतं वाटतं. आणि चारही पानांत गादी, गादी आणि गादी. मला वाटलं होतं, नातीच्या भेटीचं काही लिहिलं असशील.

हो, वाळत घालायची मी तुझी गादी पुढच्या कठड्यावर. रस्त्याच्या बाजूला ऊन असतं, मागे ह्यांनी कपड्यांच्या दोऱ्या बांधल्या होत्या. गिऱ्हाइकांचे पांढरे शर्ट आणि तुझी गादी शेजारी शेजारी घालू म्हणतोस? आणि लोकांनी पाहिली तर पाहिली. म्हणूनच सुटली ना सवय? तू लिहितोस की सवय सुटली नाही, तू रात्ररात्र भिंतीला टेकून बसून राहायचास, झोप लागू नये म्हणून. ते मला कसं कळणार? मी दिवसभर उभी राहून दमलेली, पाठ टेकली की मेल्यासारखी झोपायची. सांगायचं होतंस. माझ्या लेखी गादी कोरडी झाली होती, आणि कोरडी झाली की आईचं काम झालं.

वर्गातली पोरं कठड्याखाली उभी राहून ओरडायची म्हणतोस. मी तेव्हाही तुला सांगितलं होतं, तू पण ओरड. त्यातल्या एकाचे कान सुपाएवढे होते, दुसरा हगरा होता, मला सगळ्यांच्या चड्ड्या माहीत. एक शब्द तोंडातून काढला असतास तर पांगली असती. तू आत येऊन कोटांच्या मागे लपायचास. आणि मग मी गिऱ्हाइकाला म्हणायची, "थांबा हं, तुमच्या कोटात आमचा मुतऱ्या आहे." सगळे हसायचे. तूही हसायचास, मला चांगलं आठवतंय. तू लिहितोस ते हसणं नव्हतं. मग काय होतं? दात तर दिसायचे.

तुझ्या लग्नात स्टेजवरून मी तशी हाक मारली, त्याचंही अर्धं पान. अरे, फोटोवाला खोळंबला होता! एवढ्या गर्दीत तू दुसऱ्या कुठल्या हाकेला वळला असतास? लगेच वळलास की नाही? तेच म्हणते मी. जे नाव हाकेला उपयोगी पडतं ते खरं, बाकीचं दाखल्यावर घालायला.

डोळ्याचं ऑपरेशन करायचं म्हणताय ते करा. चांगलंच आहे. पण तो सरळ होईपर्यंत मी काय डोळे मिटून घेऊ?

फ्रॉक पाठवला होता तो परत आला. पाकीट न फोडता. निदान फ्रॉकनं तरी तुमचं काय घोडं मारलं होतं?

तुझी आई


६ फेब्रुवारी

चि.

हाक लिहिली नाही, तेवढं बघ.

मला चक्कर आली होती हे घोगरीनं कळवलंच असेल. आणि ते नाटक होतं हेही तिनंच कळवलं असेल, ती काही पोटात ठेवत नाही. बरं, नाटक होतं. काउंटरला धरून बसले आणि डोळे मिटले. घामटनं पाणी मारलं, तेही इस्त्रीच्या बाटलीतलं, कपड्यावर मारतात तसं. तू आला नाहीस. मग उठले आणि उरलेल्या चादरींच्या घड्या केल्या.

आता जे लिहिते ते नाटक नाही. मंगळवारी मी तिच्या शाळेपाशी जाऊन आले. रस्त्याच्या पलीकडे, वह्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते. सुटल्यावर ती बाहेर आली. केस कापलेत तिचे, मला न विचारता. दप्तर पाठीवर नीट बसत नाही, पट्टा आवळून द्या. ती फाटकाजवळ उभी राहून तुझ्या बायकोची वाट बघत होती, अगदी माझ्या समोर. रस्ता मोकळा होता. मी तोंड उघडलं आणि एकच शब्द वर आला. तिच्या दोन्ही बाजूंना पोरं उभी होती. दुसरं नाव आठवायला लागले, तर अर्धंच आठवलं. तेवढ्यात तुझी बायको आली आणि घेऊन गेली.

मला ती हवी आहे. तू लहान होतास तेव्हा मला वेळ नव्हता, थोरल्या बहिणीच्या वेळी दुकान नुकतं टाकलेलं. ही एकटीच अशी आहे की जिला मांडीवर घेऊन मी नुसती बसले आहे. ती घड्या केलेल्या टॉवेलांच्या ढिगावर चढून बसायची, तिच्या डोक्याला गरम कपड्याचा वास यायचा. गेले काही आठवडे मी काउंटरवर बसते आणि माझं लक्ष लागत नाही. परवा एका कोटावरचा शाईचा डाग बघायचा राहिला आणि आम्हाला भरून द्यावं लागलं. माझ्याकडून! घामट माझ्याकडे बघत राहिला.

तुझी अट मान्य. नाव लिहून पाठव, मोठ्या अक्षरात. शिकते.

तुझी आई


१३ फेब्रुवारी

चि.

शिकले. तुझा कागद काउंटरच्या आत डकवलाय. गिऱ्हाईक नसेल तेव्हा म्हणते. आधी तुकडे करून म्हटलं, मग जोडून. घामटला समोर उभं केलं आणि त्याला ते नाव घेऊन हाका मारल्या. तो म्हणाला, "बाई, गोड वाटतंय कानाला. मला पण असंच एखादं ठेवायचं होतंत." मी म्हटलं, तुझ्याकडे बघून नाही सुचत. आधी हसला, मग शर्ट उचलून पलीकडच्या टेबलावर गेला. आजकाल सगळेच हळवे झालेत.

शनिवारी दुपारी येते. एक तास म्हणालास, एक तासच बसेन. घोगरी सोबत येतेय, म्हणजे माझ्या तोंडावर पहारा. तुझ्या बायकोला काय म्हणायचं तेही तिनं माझ्याकडून घोकून घेतलंय. मी डोळ्याकडे बघणार नाही. बघितलं तरी बोलणार नाही.

फ्रॉक पुन्हा आणतेय. वाढली असेल तर खालची मुडप सोडता येईल, मी जास्त कापड ठेवलंय.

तुझी आई


२१ फेब्रुवारी

चि.

तू दार लावून घेतलंस, त्यामुळे माझं म्हणणं राहून गेलं. ते आता ऐक.

मी काही चुकले नाही. दारात उभी राहून तिचं नाव घेतलं. पूर्ण, मधे न अडखळता. तुझ्या बायकोलाही नावानं हाक मारली, तिला इतकं नवल वाटलं की हातातला ट्रे कलला. मी सोफ्यावर बसले, पाय जुळवून. पोरगी पडद्याआड होती. मी पुन्हा नाव घेतलं. तिनं अर्धं तोंड बाहेर काढलं, माझ्याकडे टक लावून बघितलं, आणि मग आईला विचारलं, "ही तीच का?"

आणि हसली.

तुझ्या बायकोनं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. इतक्या पटकन, की त्या हातावरूनच मला कळलं. मी म्हटलं, तीच म्हणजे कोण? तू खिडकीबाहेर बघायला लागलास. घोगरीला एकाएकी खोकला आला. मी पोरीला म्हटलं, "सांग बाळा, मला काय म्हणतात तुमच्याकडे?" ती म्हणाली, "ते तुझ्यासमोर नाही म्हणायचं."

तेव्हा मी तिचा हात धरला. एवढंच. जरा हलवली असेन. सांग म्हटलं. आवाज चढला असेल, मशीनच्या आवाजात जन्म गेला माझा. ती रडायला लागली, तरी मी म्हटलं, आधी सांग आणि मग रड. मारलं नाही मी तिला. दंडावर बोटं उमटली म्हणे, पोरांची कातडीच नाजूक असते. तू मला खांद्याला धरून दाराबाहेर नेलंस आणि माझ्या चपला मागून सरकवल्यास. सख्ख्या आईला! आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. निदान शिवी तरी द्यायचीस, त्यात ते नाव आलं असतं.

फ्रॉक तिथेच राहिलाय. तो तिला घाला.

तुझी आई


२ मार्च

चि.

मी विचारत फिरतेय. तू कळवत नाहीस म्हणून ही वेळ आली.

घोगरीला विचारलं. म्हणाली, "आई, सोड ना. जुनं आहे." जुनं! म्हणजे नातीनं ठेवलेलं नाही. मी म्हटलं, किती जुनं? तर म्हणाली, "आम्ही दोघं शाळेत होतो तेव्हाचं." तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे मला त्या नावानं ओळखता आणि माझ्यासमोर आई म्हणता. मी म्हटलं, पुढे बोल, कोणी ठेवलं ते सांग. ती दारात चपला घालत म्हणाली, "बाबांनी."

ह्यांनी. ज्यांना मी फेंगड्या म्हणायची आणि जे मान खाली घालून हसायचे, त्यांनी. मला वाटायचं, ह्यांच्या डोक्यात एवढं काही नसतंच. शेवटच्या आजारात मी पाणी आणायला वळले की हे तुम्हा दोघांना काहीतरी पुटपुटायचे आणि तुम्ही तोंड दाबायचात. मी समजायची, तुम्ही रडू दाबताय.

घामटला विचारलं. त्याचा हात थांबला, इस्त्री तशीच खाली राहिली आणि एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी ठसा उमटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी त्याला काही बोलले नाही. म्हटलं, तुला माफ, फक्त सांग. तो म्हणाला, "मालकीणबाई, मला कामावरून काढा, पण हे नका विचारू." म्हणजे त्यालाही माहीत आहे. मग गिऱ्हाइकांना? समोरच्या दुकानवाल्याला? माणसं काउंटरवर येतात, मी डाग दाखवते, ती मान हलवतात आणि जाताना एकमेकांकडे बघतात. पूर्वी मला वाटायचं, डाग सापडला म्हणून ओशाळलीत.

मी तुम्हाला जे म्हटलं ते तोंडावर म्हटलं. तुम्हाला ठाऊक तर होतं, कुठे काय आहे ते. मला तुम्ही तेवढंही दिलं नाहीत.

आई


९ मार्च

चि.

बहिणीकडे निरोप दिलास तो पोचला. "आईला सांग, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, लाडाचं नाव आहे." बस, एवढंच. निरोप देताना तू हसलास का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, नाही. त्याचा मला जास्त धसका बसला.

आता नीट वाच. पोरीला नका भेटवू. तिच्या ऑपरेशनला मी येणार नाही, शाळेपाशी उभी राहणार नाही, वाढदिवसाला फोन करणार नाही. मागायचीच असेल तर तुझ्या गादीची माफी मागते, कठड्यावर उभी राहून मागते म्हणशील तर तशी. सगळ्यांना शाळेतल्या नावानं हाका मारीन. घामटला मारतेच आहे, तो बावचळतो. त्या बदल्यात मला एक शब्द लिहून पाठव. कार्डावर लिहिलास तरी चालेल, पोस्टमननं वाचला तरी चालेल.

नात हवी होती मला, खोटं नाही सांगत. पण ती आता समोर आली तर मी तिच्याकडे बघणारच नाही. तिच्या तोंडाकडे बघत बसेन, शब्द कधी निसटतोय म्हणून. आणि पुन्हा हात धरीन. म्हणून तिला आणूच नकोस.

आई


२४ मार्च

तुझं उत्तर नाही. मी स्वतःच शोधायला घेतलंय.

दुकानातला मोठा आरसा घरी आणलाय, गिऱ्हाइकं कोट घालून बघतात तो. सकाळी पडदा सरकवते आणि उजेडात उभी राहते. हनुवटीवर केस आहेत, ते मला माहीत नव्हते. खालचा ओठ लोंबतो. बोलताना मान पुढे येते, कोंबडीसारखी. कानाची एक पाळी फाटलेली. हे सगळं तेव्हापासून होतं का? तुम्ही शाळेत होतात तेव्हा मी काही दिसायला वाईट नव्हते. मग दिसण्यातलं नसेल. स्वभावातलं असेल. ह्यांना माझ्यातलं काय दिसलं असेल, याचा मी कधी विचारच केला नाही, तो आता रोज करते.

मग एक युक्ती सुचली. एकेक नाव घेते. आरशाकडे पाठ करून उभी राहते आणि मोठ्यानं हाक मारते, तुम्ही मागून मारल्यासारखी. कशाला मी वळते ते बघते. लोंबे, म्हटलं, नाही वळले. कोंबडे, म्हटलं, हसू आलं. बोचकी, कजाग, फाटकी, जळकी, खडूस, कितीतरी म्हटली. शेजारीण भिंतीवर थापा मारते, तिला वाटतं मी कुणाशी भांडतेय.

काल एका नावाला वळले. हाक पुरती तोंडातून बाहेर पडायच्या आत वळले, आणि समोर आरशात मी होते.

ते मी इथं लिहीत नाही. ते नसेल. ह्यांच्या तोंडून ते येणं शक्य नाही, आणि लहान पोरं काही आईला तसं म्हणत नाहीत. दुसरं कुठलंही असू दे, कितीही घाण असू दे, मी काउंटरवर पाटी लावून बसेन. फक्त ते नाही, एवढं कळव.